हिवाळ्यांतील खिडकी

ग्वाल्हेर, इंदूर, दिल्ली अशा शहरांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी कुटुंबांना पौष-माघांतल्या थंडीची ओळख करून द्यावयास नको. परंतु नोकरीच्या निमित्तानें पुण्यामुंबईहून तिकडे नव्यानें गेलेल्या गृहस्थाला पहिल्याच हिवाळ्यांत एक कोडें पडतें. दिवेलागणीला तो खोलीचें दार लावतो, खिडक्यांच्या खिट्ट्या घालतो, विजेचा हीटर सुरू करतो आणि शाल पांघरून बसतो. हीटर तासाला एक युनिट वीज खात असतो. तरीहि मानेवरून गार झुळूक फिरत राहते, आणि हीटर बंद केला कीं थोड्याच वेळांत खोली होती तशी थंडगार होते. उष्णता खोलींत येत आहे, याविषयीं शंका नाहीं. मग ती जाते तरी कोठें?

तिचा एक मोठा वाटा खिडकीवाटे जातो. भिंती आणि छत बदलणें भाडेकरूच्या हातीं नसतें. खिडकीचा बंदोबस्त मात्र थोड्या पैशांत आणि एका दुपारच्या श्रमांत करतां येतो. त्यासाठीं महागडी सामग्री लागत नाहीं. लागते ती एवढीच समजूत, कीं थंडी अडविणारी खरी वस्तु कोणती आणि तिला कामाला कसें लावावयाचें.

उत्तरेकडील घरें मुख्यतः उन्हाळ्याशीं झुंजण्यासाठीं बांधलेलीं असतात. मे महिन्यांत तेथें पारा कित्येकदां ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून छतें उंच, छताजवळ झरोके आणि हवा खेळती राहील अशा मोठ्या खिडक्या. तोच पारा जानेवारींतल्या कित्येक पहाटे ५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि मग उन्हाळ्यांतले हे मित्र हिवाळ्यांत शत्रूसारखे वागूं लागतात. महाराष्ट्रालाहि हा अनुभव अगदींच परका नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील निफाडच्या परिसरांत काहीं हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याहि खालीं गेलेला आहे.

उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे तीन वाटांनीं जाते. तापलेल्या उलथन्याची मूठ हाताला चटका देते, तें वहन. पाणी तापत असतां खालचें ऊन पाणी वर आणि वरचें गार पाणी खालीं फिरूं लागतें, तें अभिसरण. शेकोटीपासून दूर बसलेल्या माणसाच्या तोंडाला धग लागते, तें प्रारण. खिडकीपाशीं या तिन्ही वाटा एकत्र येतात. कांचेंतून उष्णतेचें वहन होतें. फटींतून आंतली ऊन हवा बाहेर आणि बाहेरची गार हवा आंत येते. आणि थंड तावदानाजवळ बसलेल्या माणसाच्या अंगांतील ऊब प्रारणानें त्या तावदानाकडे जात राहते. म्हणूनच खिडकी घट्ट लावलेली असतांहि तिच्या शेजारच्या खुर्चींत हुडहुडी भरते.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकेरी तावदान जी थोडीफार थंडी अडवितें, ती कांचेच्या गुणानें नव्हे. तीन-चार मिलिमीटर जाडीची कांच उष्णतेला जवळजवळ मोकळी वाट देते. अडवितो तो तावदानाच्या दोन्ही अंगांना चिकटून राहिलेला हवेचा पातळ, निश्चल थर. तितक्याच जाडीची कांच आणि स्थिर हवा यांची तुलना केली, तर कांचेंतून उष्णता सुमारें ३० ते ४० पट अधिक जाते. वाहती हवा ऊब पळविते आणि बांधलेली हवा ऊब राखते, हें या साऱ्या विषयाचें मर्म होय.

हें मर्म प्रयोगानें दाखवून देणाऱ्यांत बेंजामिन टॉमसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याचें नांव अग्रभागीं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यानें लोंकर, पिसें, फर अशा पदार्थांवर प्रयोग केले, आणि त्यांची ऊब तंतूंपेक्षां तंतूंमध्यें अडकलेल्या हवेची असते, असा निष्कर्ष काढला. १७९२ सालीं त्याला रॉयल सोसायटीचें कोप्ली पदक मिळालें. महाराष्ट्रांतील आजीबाईंना मात्र हें तत्त्व प्रयोगशाळेवांचूनच ठाऊक होतें. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी ऊब देते, ती त्या थरांमध्यें कोंडलेल्या हवेमुळेंच. खिडकीलाहि एक गोधडीच घालावयाची आहे. फक्त ती दिवसां उजेड येऊं देणारी हवी.

हिशेब केल्यावांचून मात्र कोणताहि खर्च करूं नये. १ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच अशी एकेरी कांचेची खिडकी घ्यावी. आंत १८ अंश आणि बाहेर ६ अंश तापमान असेल, तर तिच्यांतून सतत सुमारें १०० वॉट उष्णता बाहेर जाते. अशा दोन खिडक्या असल्या, तर १००० वॉटच्या हीटरचा पांचवा हिस्सा निव्वळ रस्ता तापविण्यांत खर्ची पडतो.

फटींचा हिशेब तर अधिकच डोळे उघडणारा आहे. त्याच खिडकीचा घेर ५ मीटर भरतो. झडप आणि चौकट यांच्यामध्यें सभोंवार अवघी ३ मिलिमीटर फट राहिली, तरी तिचें एकूण क्षेत्र १५० चौरस सेंटिमीटर होतें. बोटें जुळवून धरलेला पंजा जेवढी जागा व्यापतो, जवळजवळ तेवढें हें भोक झालें. भिंतीला एवढें भोंक पडलेलें कोणीहि गृहिणी एक रात्र खपवून घेणार नाहीं. तेंच भोंक लांबट आणि बारीक होऊन खिडकीभोंवतीं पसरलें, म्हणजे वर्षानुवर्षें कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलींतली हवा तासांतून एकदां पूर्ण बदलली, तर नव्या हवेला १२ अंशांनीं तापविण्यासाठीं सुमारें १९० वॉट सतत लागतात. सैल झडपांच्या खोलींत ती तासांतून दोनतीनदांहि बदलूं शकते. तेव्हां काम आरंभावयाचें तें फटींपासून. कांचेची पाळी नंतरची.

फटी शोधण्याचें साधन प्रत्येक देवघरांत असतें. वारा असलेल्या संध्याकाळीं पंखे बंद करावे, पडदे दूर सारावे आणि पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेनें सावकाश फिरवावी. जेथें धुराची सरळ रेघ एकाएकीं वांकते किंवा विस्कटते, तेथें खडूनें खूण करावी. खिडकीच्या चारी कडा, दोन झडपा मिळतात ती मधली रेघ, तावदान आणि लांकूड यांचा सांधा, चौकट आणि भिंत यांचा सांधा आणि दाराचा उंबरठा, अशा क्रमानें गेलें म्हणजे एकहि जागा सुटत नाहीं.

खुणा झाल्यावर प्रत्येक फटीला तिच्या जातीप्रमाणें औषध द्यावें. तावदान खुळखुळत असेल, तर जुनी वाळलेली लांबी खरवडून नवी भरावी. चौकट आणि भिंत यांमधील भेग सिमेंटानें किंवा लांबीनें बुजवावी. उघडझाप करणाऱ्या झडपेसाठीं हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारी, मागें गोंद असलेली फोमची पट्टी सोईची पडते. चौकट आधीं धुऊन पुसून पुरती वाळूं द्यावी, नाहींतर पट्टी चार दिवसांत सुटते. झडप लावतांना पट्टी किंचित दाबली जावी, इतपतच तिची जाडी असावी. अति जाड पट्टी लावल्यास खिट्टी बसत नाहीं आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. फोम न मिळाल्यास जुन्या लोंकरी कापडाची दुहेरी घडी बारीक चुकांनीं ठोकली तरी काम भागतें. खिडकीच्या कट्ट्यावर आणि दारापाशीं वाळूनें किंवा चिंध्यांनीं भरलेली हातभर घेराची नव्हे, तर मनगटाएवढी जाड अशी लांब पिशवी ठेवावी. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत झडपेच्या कडेला केसाळ पट्टी असते. ती झिजली असेल तर बदलून घ्यावी. मात्र खालच्या पन्हळींत पावसाचें पाणी निघून जाण्यासाठीं जीं छिद्रें ठेवलेलीं असतात, तीं बुजवूं नयेत.

जी खिडकी हिवाळाभर उघडावयाची नाहीं, तिच्यासाठीं रशियांतील घरगुती रीति अनुकरणीय आहे. तेथें जुन्या पद्धतीच्या खिडकीला एकापाठीमागें एक अशा दोन चौकटी असतात. हिवाळ्याच्या तोंडावर फटींत कापूस ठासावयाचा आणि वरून कागदाच्या पट्ट्या खळीनें किंवा साबणानें चिकटवावयाच्या, हा तेथील घरोघरचा परिपाठ. वसंत आला कीं पट्ट्या भिजवून काढल्या, खिडकी पुनः मोकळी झाली. वर्तमानपत्राचा कागद आणि कणकेची खळ यांपलीकडे त्याला खर्च नाहीं.

आतां कांचेकडे वळतां येईल. एका तावदानाऐवजीं दोन तावदानें बसवून मध्यें हवा कोंडावी, या कल्पनेचें पेटंट टॉमस स्टेटसन यानें अमेरिकेंत १८६५ सालीं घेतलें. आज थंड देशांत दुहेरी कांच सर्वसामान्य झालेली आहे. पण भाड्याच्या घरांत तीवर पैसा घालणें क्वचितच परवडतें. दुसऱ्या कांचेचें काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ कागदाकडूनहि घेतां येतें, कारण अडविणारी वस्तु हवा आहे, कागद नव्हे. कागदानें केवळ तिला कोंडून धरावयाचें.

त्यासाठीं चौकटीच्या आंतल्या कडेला चारी बाजूंनीं दुतोंडी चिकटपट्टी लावावी आणि प्लॅस्टिकचा कागद वरून खालीं ताणीत बसवावा. कोठेंहि सुरकुती किंवा मोकळी जागा राहूं देऊं नये. आणखी टिकाऊ व्यवस्था हवी असेल, तर बारीक लांकडी पट्ट्यांची खिडकीच्या मापाची चौकट करून तिच्यावर कागद ताणावा. ती फाल्गुनांत उतरवून पुढील वर्षासाठीं ठेवतां येते. कांच आणि कागद यांमध्यें दीड ते दोन सेंटिमीटर अंतर असावें. अंतर फार थोडें झालें, तर हवेचा थर पातळ पडतो; फार वाढविलें, तर त्या पोकळींत हवा स्वतःच फिरूं लागते आणि जाडी वाढविल्याचा लाभ उरत नाहीं. हें काम नीट साधलें, तर तावदानावाटे जाणारी उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. वर घेतलेल्या उदाहरणांत दोन खिडक्यांमागें १०० वॉट वांचले; दहा तासांच्या रात्रीला एक युनिट.

ही युक्ति हिंदुस्थानांत नवी नाहीं. काश्मीरमधील जुन्या घरांत पिंजरा-कामाच्या नक्षीदार लांकडी जाळ्या असत, आणि हिवाळ्यांत त्यांवर कागद चिकटवीत असत. आज तेथें त्याच कामासाठीं खिडक्यांवर प्लॅस्टिकचे पडदे चढतात. साधन बदललें, तत्त्व तेंच राहिलें.

बबल रॅप म्हणून ओळखलें जाणारें फुगऱ्याफुगऱ्यांचें प्लॅस्टिक याहूनहि सोपें. आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शाव्हान या दोघांनीं १९५७ सालीं अमेरिकेंत तें प्रथम तयार केलें, तें भिंतीवर लावण्याचा कागद म्हणून. भिंतीवर तें शोभलें नाहीं. पुढें नाजूक वस्तूंच्या बांधणींत त्याला मान मिळाला. त्याच्या प्रत्येक फुगरींत हवा कोंडलेली असते. तावदानावर पाणी शिंपडून फुगऱ्यांची बाजू कांचेला दाबली कीं तें गोंदावांचून चिकटून राहतें. बाहेरचें दृश्य मात्र पुसट होतें; म्हणून न्हाणीघर, जिना, कोठीची खोली अशा ठिकाणीं तें योजावें.

पडद्यांचें महत्त्व कोणीं सांगावयास नको, पण ते लावण्याची रीति बहुधा चुकते. थंड तावदानाला लागून असलेली हवा गार होऊन जड होते आणि खालीं घसरते. पडदा वरून उघडा आणि खालून आंखूड असेल, तर वरून खोलींतली ऊन हवा त्याच्या मागें शिरते आणि खालून गार होऊन पायांवर येते. विहिरीवरच्या रहाटासारखी ही फेरी रात्रभर चालू राहते. पडदा जाड असावा, कट्ट्याला किंवा जमिनीला टेकावा, दोन्ही बाजूंनीं भिंतीलगत असावा आणि वरची फट लांकडी पट्टीनें किंवा कापडानें झांकावी. जुन्या गोधडीचा पडदा दिसण्यांत साधा असला, तरी गुणांत कोणत्याहि रेशमी पडद्याला हार जाणार नाहीं.

हाच पडदा दिवसां दूर सारणें तितकेंच अगत्याचें आहे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास दिल्लींत दुपारीं तो क्षितिजापासून अवघा ३८ अंश वर येतो. जूनअखेरीस तोच जवळजवळ डोक्यावर, ८५ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेकडील खिडकींतून हिवाळ्याचें ऊन खोलींत खोलवर शिरतें. सकाळीं ऊन येतांच पडदा उघडावा, तें मावळतांच ओढून घ्यावा. याला एक पैहि पडत नाहीं.

फटी बुजल्या, कागद ताणला, पडदे लागले. खोली उबदार झाली. आणि येथेंच सावधगिरीचा भाग सुरू होतो. पहिली गोष्ट ओलाव्याची. माणसाचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, आंत वाळत घातलेले कपडे यांमुळें खोलींतील हवा दमट होते. पूर्वी हा दमटपणा फटींतून निघून जात असे. आतां तो थंड पृष्ठभागावर दंवासारखा जमतो. त्यानें लांकूड कुजतें आणि भिंतीच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. कागद कोरड्या दिवशीं लावावा, कपडे बाहेर वाळवावे, आणि रोज दुपारीं दहा मिनिटें दारेंखिडक्या सताड उघडाव्या. एवढ्यानें हवा बदलते. तापलेल्या भिंती मात्र गार होत नाहींत, आणि खोली लवकरच पूर्ववत् होते.

दुसरी गोष्ट प्राणांची आहे. उत्तर हिंदुस्थानांत हिवाळ्यांत अशी वार्ता वर्तमानपत्रांत पुनःपुनः येते, कीं रात्रीं खोलींत कोळशाची शेगडी ठेवून झोंपलेलें कुटुंब सकाळीं उठलेंच नाहीं. कोळसा, लांकूड, रॉकेल किंवा गॅस अपुऱ्या हवेंत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि रक्त प्राणवायु वाहून नेण्यास असमर्थ होतें. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, चक्कर येते, मग गुंगी येते. झोंपलेल्या माणसाला तर ही सूचनाहि मिळत नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून रसरशीत निखारे निर्धोक, ही समजूत प्राणघातक आहे. महाराष्ट्रांतील शहरांतहि बंद न्हाणीघरांतल्या गॅसच्या गीझरनें असेच बळी घेतले आहेत.

म्हणून एक नियम निरपवाद मानावा. ज्या खोलींत माणसें निजतात, तेथें कोळशाची शेगडी रात्रभर ठेवूं नये. खिडकी किंचित उघडी ठेवली म्हणजे ती निर्धोक होते, असेंहि समजूं नये. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर असावा. ज्या खोलींत चूल किंवा गॅस जळतो, तिचा झरोका कधींहि बुजवूं नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें लहानसें यंत्र बाजारांत मिळतें. ज्वालेवर तापणाऱ्या घरांत तें अवश्य असावें. एकाच घरांतल्या अनेकांचें डोकें एकदम दुखूं लागलें, तर प्रथम सर्वांनीं मोकळ्या हवेंत यावें आणि विनाविलंब रुग्णालय गांठावें. विजेच्या हीटरपासून हा वायु निघत नाहीं. पण पडदा आणि प्लॅस्टिक त्यापासून दूर असावें. प्रत्येक खोलींत निदान एक खिडकी तरी सहज उघडेल अशी ठेवावी, आणि ती सर्वांना ठाऊक असावी.

याबाबतींतहि रशियांतील त्या जुन्या खिडकीकडून एक धडा घेण्यासारखा आहे. कापूस ठासून आणि कागद डकवून सगळी खिडकी बंद केली, तरी तिच्या वरच्या कोपऱ्यांतलें एक लहानसें तावदान स्वतंत्र बिजागरीवर मोकळें ठेवलेलें असतें. त्याला फोर्तोच्का म्हणतात. बाहेर बर्फ पडत असलें तरी तें दिवसांतून कांहीं वेळ उघडतात, आणि खोली ताजी हवा घेते. ज्यांनीं थंडी सर्वांत अधिक सोसली, त्यांनींच संपूर्ण बंद खिडकी कधीं केली नाहीं.

हिवाळ्याच्या बंदोबस्ताचें सारें शहाणपण त्या लहानशा तावदानांत सांठवलेलें आहे. न कळत घुसणारी हवा अडवावी, कोंडलेल्या हवेकडून ऊब राखून घ्यावी, आणि श्वासापुरती हवा मात्र स्वतःच्या हातानें, ठरलेल्या वेळीं घरांत घ्यावी.